चार सेंटिमीटर

शस्त्रक्रियागृहाचं दार आता माणसं उघडत नसत. समोरच्या काचेच्या चौथऱ्यावर पेशंटने उभं राहायचं. वजन आणि उंचीचं गणित, म्हणजे बीएमआय, पस्तिसाच्या आत आलं, तरच दार सरकायचं.

विमलताई घरत लेकीचा, रंजनाचा, खांदा धरून कशाबशा चौथऱ्यावर चढल्या. गेल्या वर्षी आकडा छत्तीस आला होता. तेव्हापासून त्यांनी भात सोडला, गणपतीत मोदकालाही हात लावला नाही. चार किलो उतरले होते.

आकडा उमटला. छत्तीस.

"असं कसं?" रंजना भडकली. "वजन उतरलंय आईचं!"

डॉक्टर सामंतांनी पडद्याकडे पाहिलं. "उतरलंय. पण गुडघे आणखी वाकलेत. उंची चार सेंटिमीटरने कमी भरतेय, म्हणून आकडा तोच."

"मग करा ना सरळ! त्याच ऑपरेशनला आलोय आम्ही!"

"दार उघडलं, तर आत्ता करतो," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले. "माझ्या हातात नाही हो ते."

विमलताईंनी लेकीचा खांदा सोडला, दात आवळले आणि सगळा जीव गुडघ्यांत आणला. पाय थरथरले, पण सरळ झाले नाहीत.

चौथऱ्यातून गोड आवाज आला, "कृपया ताठ उभे राहा."