शेंडा वर येईपर्यंत

या मायबापहो, जरा जवळ सरकून बसा. गोष्ट एवढीशी आहे, पण मायेची आहे.

एमआरआयच्या चुंबकाच्या बोगद्यात लेकीला पायांकडून आत सरकवलं होतं. पोटरीखाली यंत्राचं कडं, तळव्याला पट्ट्याने बांधलेलं पेडल. काचेअलीकडे पडद्यासमोर तंत्रज्ञ, आणि शेजारच्या स्टुलावर आई. चालता चालता लेकीच्या पायांतलं बळ का सरतं, ते आज कळायचं होतं. डॉक्टरांना दुखण्याची शंका होती. आईला आळसाची खात्री.

तंत्रज्ञ म्हणाला, "पडद्यावरच्या रेघेचा हा उंच शेंडा बघा, ताई. पोटरीने हाताशी ठेवलेलं इंधन आहे हे. पेडल दाबलं की शेंडा उतरतो, थांबलं की पुन्हा भरतो. किती लवकर भरतो, तेच बघायचंय."

लेक पेडल दाबू लागली. थोड्या वेळात पाय मंदावला.

तंत्रज्ञाने माइक पुढे केला. "तुम्हीच हाक द्या. घरच्या आवाजाने जोर येतो."

आईला तेवढंच हवं होतं. "अगं महाराणी, पेडल दाबायचंय, डोंगर नाही ढकलायचा! लाव की जोर!"

पाय हलला. पुन्हा एकदा, थरथरत. मग हललाच नाही.

"बघितलंत? घरीही हीच तऱ्हा. बसली की बसली."

तंत्रज्ञाने पडद्यावर बोट ठेवलं. शेंडा पार भुईसपाट झाला होता. "अंगचोराचा शेंडा अर्ध्यावरच थांबतो, ताई. हिने तळ खरवडून दिलंय."

मग माइकवर म्हणाला, "शाब्बास. आता पाय अजिबात हलवू नका."

आई पडद्याकडे बघत राहिली. शेंडा वर यायचं नाव घेईना.

"दुसऱ्या कुणाचा असता तर?"

"एव्हाना भरला असता."

शेंडा तसूभर चढला. थांबला. पुन्हा तसूभर. आईने न विचारताच माइक ओढून घेतला.

"पडून राहा हं, बाळा. सावकाश होऊ दे. कुठे जायचंय आपल्याला?"

बोगद्यातून बारीक आवाज आला, "आई, तुला बरं नाही का गं?"

मायबापहो, आज देवापुढे हात जोडाल तेव्हा या लेकीला आठवा. आणि तिच्या आईला, जरा जास्तच.