ओठ जुळत नाहीत

पेपरला चारच मिनिटं उरली तरी परीक्षा केंद्राच्या दारावरचा कॅमेरा शलाकाला आत सोडेना. तिच्या चेहऱ्यावर अडुसष्ट ठिपके मांडून तो तिसऱ्यांदा म्हणाला, “ओठ जुळत नाहीत.”

नोंदणीच्या फोटोत शलाका खदखदून हसत होती. तिच्या मैत्रिणीने, ओवीनेच हसवलं होतं. आता दोघींची महिनाभरापासून कट्टी होती आणि खोटं हसू यंत्राला पटत नव्हतं.

“हास की गं बाई!” रांग ओरडली.

मागे उभी असलेली ओवी अचानक पीटीच्या सरांच्या आवाजात गरजली, “नाक आत, कान बाहेर!”

शलाकाला हसू फुटलं आणि दार उघडलं.

ओवीचा फोटो मात्र गंभीर होता, आणि आता तिलाच हसू आवरेना. एक मिनिट उरलं.

“ओवे,” शलाका आतून किंचाळली, “आज भूमिती आहे!”

ओवीचा चेहरा खाडकन उतरला. कॅमेऱ्याने तिला लगेच आत घेतलं.