दहा लाख एक

टेलरिंगच्या दुकानापाशी सर थांबले, आणि पाय काही पुढे उचलेचनात.

"बाबा, चला ना घरी," मुलगी म्हणाली. "सव्वीस वर्षं झाली. कशाला आता गाडलेली मढी उकरायची?"

"तू गप गं. तुला गणितातलं काय कळतंय?"

हे वाक्य तिला नवं नव्हतं. दहावीनंतर सरांनीच तिला गणित सोडायला लावलं होतं. पेपरात जागोजागी खाडाखोड करणाऱ्या पोरीला कसलं आलंय गणित! तेव्हापासून ती पोस्टात तिकिटं विकत होती.

आत मशीन चालू होतं. टेलरबाई गळ्यातली टेप सावरत उठल्या. "अगंबाई, सर! बसा ना."

सर बसले नाहीत. वर्गात पोरांना उभं करायचे, तसे हात मागे बांधून उभे राहिले.

"दहा लाख एक. आठवतंय?"

बाईंचा चेहरा उतरला. आठवणार नाही तर काय! ही मूळ संख्या, हिला कुणाचाही भाग जात नाही, असं सर दरवर्षी ठणकावून सांगायचे. वार्षिक परीक्षेत तोच प्रश्न आला. सगळ्या वर्गाने 'मूळ' लिहिलं. या एकटीने लिहिलं, एकशे एकने भाग जातो, उत्तर नऊ हजार नऊशे एक. सरांनी लाल फुली मारली आणि पेपर वर्गात मोठ्याने वाचला. पोरं खो खो हसली. ती दोन गुणांनी नापास झाली आणि परत शाळेत आलीच नाही.

"काल माझी जुनी वही सापडली," सर म्हणाले. "मी सत्त्याण्णवपर्यंत भाग देऊन पाहिला होता, मग कंटाळून सोडलं. त्याच्या पुढची मूळ संख्या कुठली? एकशे एक! एवढंच राहिलं होतं गं. आणि तुझा पेपर तपासताना साधा गुणाकारही करून पाहिला नाही मी. कसला मास्तर! काल घास उतरला नाही, इतकी लाज वाटली. तुझ्यासारखी हुशार पोर मी मशीनवर बसवली. जमलं तर माफ कर."

मुलगी दारातच उभी होती, रस्त्याकडे तोंड करून.

बाईंनी सरांच्या हातात पाण्याचा पेला दिला. मग टेप बोटाला गुंडाळत म्हणाल्या,

"सर, माफी नका मागू. लाज मलाच वाटायला हवी, आणि वाटतेही. बाहीच्या मापापलीकडे मला कुठलं गणित येतंय? तेव्हाही येत नव्हतं. कॉपी केली होती मी."

"कॉपी?" सरांनी पेला खाली ठेवला. "कुणाची? बाकी सगळ्यांनी तर 'मूळ'च लिहिलं होतं!"

बाईंनी दाराकडे पाहिलं.

"ही माझ्या पुढच्या बाकावर होती, सर. हिने खोडायच्या आत मी उतरवून घेतलं."