अस्सल गिलावा

वारसासाहेब जुन्या वेशीच्या कमानीखाली मान वर करून उभे राहिले आणि पाहता पाहता गिलाव्याच्या प्रेमात पडले.

"ही डावी बाजू बघा!" ते म्हणाले. "काय सफाई, काय हात! तीनशे वर्षांपूर्वीचा अस्सल चुना आहे हा. असे कारागीर आता जन्माला येणं नाही."

जन्माला येऊन साठ वर्षं झालेला तो कारागीर त्यांच्या मागेच थापी घेऊन उभा होता. डावी बाजू त्यानंच केली होती, ऐन तिशीत, चुन्यात निम्मं सिमेंट ढकलून. वर जुनेपणा दिसावा म्हणून चहाचं पाणी मारलं होतं. त्या कामाची त्याला इतकी वर्षं लाज वाटत आली होती. आज कौतुक ऐकून क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

साहेब म्हणजे वेशीचा वारसा जतन करायच्या समितीचे प्रमुख. पदव्या तीन, आणि चुना कशाशी खातात हे माहीत नाही. जपायचं तिथे ते पांढऱ्या खडूनं फुली मारत आणि काढायचं तिथे लाल. डाव्या बाजूला त्यांनी ऐटीत पांढरी फुली मारली, मग उजवीकडे वळले आणि नाक मुरडलं. तिथे दगडांच्या सांध्यांत बोटभर चिपा ठोकलेल्या होत्या, आडव्यातिडव्या, कशाही.

"हे कुणा अडाण्याचं ठिगळ," ते म्हणाले. "उपटून काढा सगळं आणि डावीकडच्यासारखं गुळगुळीत करा."

गवंडी पुढे झाला. "साहेब, मूळचं काम तेच आहे. त्या चिपांवर कमान तोललीय. त्या काढल्या तर महिनाभरात दगड खाली येतील."

खाली, म्हणजे बरोब्बर उजव्या पायाशी, भिंतीतल्या कोनाड्यात त्याच्या लेकीचं शिवणाचं दुकान होतं. बापाचा आवाज चढलेला ऐकून तिनं मशीन थांबवलं.

"बाबा, गप्प बसा हो," ती दबक्या आवाजात म्हणाली. "दुकानाच्या परवान्यावर यांचीच सही लागते."

साहेब मोठ्या मनानं हसले. "अनुभव आहे तुम्हाला, मिस्त्रीमामा, नाही कोण म्हणतं? पण हा शास्त्राचा विषय आहे."

गवंड्यानं शिडी डाव्या बाजूला लावली, चार पायऱ्या चढला आणि पांढऱ्या फुलीच्या मधोमध थापीचं टोक हाणलं. ताटाएवढा पोपडा सुटून खाली पडला. आत गंजलेली तारेची जाळी दिसली.

"ही कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, साहेब," तो वरूनच म्हणाला. "गिलावा धरून राहावा म्हणून मीच ठोकलीय. तीनशे वर्षांपूर्वी मिळत होती का ही?"

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांना कळलं होतं, सगळं कळलं होतं. ज्याला कळतच नाही त्याला माणूस माफ तरी करतो. साहेबांनी आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली आणि शिडीजवळ आले.

"पाटी कोरून झालीय हो," ते हळूच म्हणाले. "'डावी बाजू मूळची' असं चक्क संगमरवरात कोरलंय. परवा उद्घाटन आहे. तेवढं भोक बुजवून टाका. आणि उजवीकडच्या चिपा आजच निघायला हव्यात. तुम्ही नाही काढल्या तर दुसरा कुणी काढेल."

गवंडी उतरला आणि लेकीकडे गेला. सांगायची वेळ आलीच नाही. तिनं सगळं ऐकलं होतं. अर्धवट शिवलेला झगा तिनं पिशवीत कोंबला, कात्री आणि टेप वर टाकले आणि पिशवी खांद्याला लावली.

"बाबा, मशीन तिकडून धरा."

"आणि परवाना?"

"परवाना काय डोक्यावर धरून बसू?"

दोघांनी मिळून मशीन उचललं आणि कमानीतून बाहेर, उन्हात आणलं. साहेबांची कळी खुलली. त्यांनी घाईघाईनं मोबाईल काढून रिकाम्या कोनाड्याचा फोटो घेतला.

"बघा," ते म्हणाले, "लोकांना नीट समजावून सांगितलं की अतिक्रमणं अशी आपणहून निघतात."

"पाटी मात्र जरा लांब लावा, साहेब," गवंडी मशीनचं ओझं सावरत म्हणाला. "निदान ती तरी वाचेल."