पान्हा

निजामी मुलखातल्या खेड्यावर सकाळचे ऊन सावकाश उतरले. कुडाच्या फटींतून आत येत, सारवलेल्या भुईवर रेंगाळत म्हशीच्या काळ्या पाठीवर विसावले. रेवणप्पाने आईचे लुगडे घाईने अंगाभोवती गुंडाळले. पटकीने बाप गेल्यावर आईलाही उपचारासाठी नळदुर्गला नेले होते. म्हैस आईच्याच हातची. लुगड्याच्या वासावरच ती पान्हवायची आणि त्या दुधावर तान्हा भाऊ तगला होता. आज लुगडे हुंगून म्हशीने पान्हा चोरला. आत बाळाचे रडणे क्षीण होत चालले. “बाईवानी नेसतोस, आण्णा, पर धुवाया येत न्हाय तुला!” धाकटी बहीण दारातून हसली. “म्याच धुतलं काल. तूच म्हनलास न्हवं, आई येणार हाय? मळकं कसं नेसंल ती?” त्याने पदर नाकाशी धरला, नुसता रिठ्याचा वास होता. आई अकरा दिवसांपूर्वीच मेली होती.