पाय टेकले की देश

थोरला आणि सूनबाई परदेशात फिरायला निघाली, की कुंड्यांना पाणी घालायला गावाकडच्या आईची हटकून आठवण यायची. यंदाही तीन आठवडे पाणी घालून आईचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा कुठे स्वारी परतली आणि बॅगा उघडायच्या आधीच दिवाणखान्यातल्या जगाच्या नकाशावर लाल टाचण्या टोचायला उभी राहिली. पाहुणे जमवून, हे काय वेगळं सांगायला हवं?

"दोन टाचण्या कशा रे? तुम्ही तर एकाच देशात गेला होतात," आईने विचारलं.

"अगं, वाटेत विमान बदलायला सात तास थांबलो ना!"

"मग शहर पाहिलंत?"

"विमानतळाबाहेर कोण जातंय? खुर्चीवर झोप काढली, कॉफी प्यायलो. पाय टेकले की देश मोजायचा असतो, आई. तुला नाही कळायचं."

पाहुणे हसले. सूनबाई जरा जास्तच.

आईने डबीतली एक टाचणी उचलून त्याच्या तळहातावर ठेवली.

 

"मग ही माझ्या गावावर टोच. गेल्या वर्षी दोन विमानांच्या मधे मला भेटायला आलास, तेव्हा तिथेही खुर्चीवर झोप काढून कॉफीच पिऊन गेलास."