सरांचा शोधनिबंध

"कावेरी, तू हितं?" राधाकिशन सर सायबर कॅफेच्या दारात थबकले. मग गोड हसून खुर्चीवर टेकले. "बरं झालं बाई, आपलंच माणूस भेटलं."

आपलंच माणूस म्हणे! कावेरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परळीच्या वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्याकाठी सहा महिने दारोदार फिरून तिनं बायांचे खोकले आणि दमे लिहून घेतले होते. एम.फिल.चे गाईड म्हणून सरांनी ती वही तपासायला नेली आणि स्वतःच्या नावानं पुस्तक छापून मोकळे झाले. तिचं एम.फिल. राहिलं ते राहिलंच. आता ती इथं तासावर लोकांना नेट लावून द्यायची.

सरांनी खिशातून निमंत्रणपत्रिका काढून तिच्यापुढं सरकवली. "उद्या गेवराईला सेमिनार हाय. ह्या विषयावर नेटवर इंग्रजीत तयार निबंध असतेत म्हनं. एक काढून दे. वर माझं नाव टाक, ठळक."

विषय होता औष्णिक वीज आणि ग्रामीण स्त्रिया. खाली अध्यक्षांचं नाव होतं, डॉ. वनमाला खोत, पुणे. कावेरीनं विषय टाइप केलाच नाही. तिनं ते नाव टाइप केलं. खोतबाईंचा ह्याच विषयावरचा गेल्या वर्षीचा शोधनिबंध अख्खाच्या अख्खा पडद्यावर आला. तिनं वरचं नाव पुसून तिथं सरांचं टाकलं आणि बारा पानं छापली.

सरांनी आपलं नाव तेवढं नीट तपासलं. "कोनाचा हाय गं हा?"

"घेताना नाव विचारायची सवय तुमाला कवापासून लागली, सर?"

सर ओशाळं हसले. पानं मात्र त्यांनी सोडली नाहीत.

दुसऱ्या दिवशी कावेरी सुट्टी टाकून गेवराईला गेली आणि पहिल्याच रांगेत जाऊन बसली.

सर वाचू लागले. आवाज खणखणीत, अर्थाचा पत्ता नाही. पहिल्या पानालाच अध्यक्षस्थानी बसलेल्या खोतबाईंनी पेन खाली ठेवलं. दुसऱ्याला चष्मा काढला. चौथं पान संपलं. पान उलटायला सर बोटाला थुंकी लावत होते, तेवढ्यात बाईंनी बसल्या जागेवरून, समोर कागद नसताना, एक इंग्रजी वाक्य सावकाश म्हटलं.

कावेरीला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

सरांनी पान उलटलं. तेच वाक्य होतं.